मनगटाजवळ तुटलेली अल्नर नर्व्ह: फॅसिकल जुळवायचे कसे

अल्नर नर्व्ह म्हणजे हाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी नस. नर्व्हच्या आतली फॅसिकल (तंतूंचे जुडगे) मार्गात एकमेकांत मिसळतात आणि पुन्हा वेगळी होतात, हे शरीररचनातज्ज्ञ सिडनी संडरलंड यांनी १९४५ मध्ये दाखवलं. दंडात ही मिसळ जास्त असते. मनगटाकडे येताना मोटर (स्नायू हलवणारे) आणि सेन्सरी (संवेदना नेणारे) गट बरंच अंतर वेगळे राहतात, त्यामुळे तिथे ते अचूक जुळवता येतात. नेमकी तिथेच नर्व्ह पिळून शिवली, तर मोटर तंतू सेन्सरी नळ्यांत शिरतात आणि वाया जातात. शिवण वरून कितीही सुबक दिसो, करंगळी-अनामिका वाकडीच राहतात.

मनगटाच्या साधारण ५ ते ८ सेंटीमीटर वर डॉर्सल क्युटेनियस शाखा (हाताच्या मागच्या त्वचेकडे जाणारी) फुटते. त्याच्या वर अल्नर (करंगळीच्या) बाजूकडून रेडियल (अंगठ्याच्या) बाजूकडे क्रम असा असतो: सेन्सरी, मोटर, सेन्सरी. ही शाखा गेल्यावर मोटर गट अल्नर बाजूला येतो. तो सेन्सरी गटापेक्षा आकाराने लहान असतो. दोन गटांमधल्या खाचेवरून मायक्रो-फोर्सेप्सचं टोक आडवं फिरवलं की ते तिथे अडकतं.

जखम ७२ तासांच्या आतली असेल तर खालचं टोक स्टिम्युलेटरने (सौम्य विद्युत झटका देणाऱ्या उपकरणाने) तपासा. मोटर गटाला स्पर्श झाला की करंगळी बाहेर सरकते. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा असर उतरलेला हवा. टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा दंडावरचा पट्टा) बराच वेळ फुगलेली असली तरी प्रतिसाद मिळत नाही, म्हणून हे काम आधी उरकावं. उशिरा आलेल्या रुग्णात गियाँ कॅनॉल (अल्नर नर्व्ह तळहातात शिरते तो मनगटातला बोगदा) उघडा, हॅमेट या मनगटाच्या हाडाच्या हुकाजवळ खोल जाणारी मोटर शाखा शोधा आणि तिथून मागोवा घेत कापलेल्या टोकापर्यंत या.

टोकं ताज्या ब्लेडने, फॅसिकल फुगून बाहेर येईपर्यंतच छाटा. मग दोन्ही पृष्ठभागांचे नकाशे काढा. समोरून पाहताना ते आरशातल्यासारखे उलटे दिसतात आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. म्हणून डावं-उजवं न लिहिता ‘अल्नर’ आणि ‘व्होलर’ (तळहाताकडची बाजू) लिहा. एपिन्युरियमवरच्या (नर्व्हच्या बाहेरच्या आवरणावरच्या) उभ्या रक्तवाहिन्या जुळतात का, तेही पाहा.

प्रत्येक गटाला ९-० या अतिबारीक नायलॉन धाग्याचे एक-दोन टाके पुरे, एपिन्युरियमला थोडा जाड ८-०. टाका जास्त आवळला की फॅसिकल दुमडून बाजूने बाहेर डोकावतात, असा टाका लगेच काढा. मनगट वाकवल्याशिवाय टोकं भेटत नसतील, तर ओढून शिवू नका, सुरल ग्राफ्ट (पायाच्या सुरल नर्व्हचा तुकडा) घ्या.