एका पॉवर सप्लायवर सगळी बेस पेडल्स: कार्यक्रमाआधीची तयारी

तुळशीची लग्नं लागली की नाशिकच्या गंगापूर रोडच्या लॉन्सवर संगीतचे कार्यक्रम सुरू होतात, आणि बेस गिटारच्या पेडल्सचा (आवाज बदलणाऱ्या, पायाने दाबायच्या खोक्यांचा) बोर्ड महिनाभर गाडीच्या डिकीतच राहतो. त्यामुळे ही तयारी त्याआधी, घरी, निवांत करायची.

आधी वही-पेन घ्या, स्क्रू ड्रायव्हर नंतर. बोर्डावरचं एकेक पेडल उलटं करून बघा. तळाला किंवा अडॅप्टरच्या भोकाशेजारी तीन गोष्टी छापलेल्या असतात: किती व्होल्ट, किती मिलीअँपिअर, आणि गोलाच्या मध्ये ठिपका असलेलं पोलॅरिटीचं चिन्ह. पेडलच्या नावापुढे तिन्ही लिहा. छपाई पुसली गेली असेल तर कंपनीचं मॅन्युअल उघडा. व्हिडिओतल्या माणसाच्या अंदाजावर जाऊ नका. एसी की डीसी हेही लिहा. जुन्या व्हॅमीसारखी काही पेडल्स ९ व्होल्ट एसी मागतात. त्यांचं या यादीत काम नाही, त्यांचा अडॅप्टर वेगळाच राहू द्या.

आता बेरीज. व्होल्ट जेवढे मागितले तेवढेच द्यायचे, मिलीअँपिअर मात्र जास्त उपलब्ध असले तरी बिघडत नाही, कारण पेडल त्याला हवा तेवढाच करंट ओढतं. ५०० मिलीअँपिअरच्या आउटपुटला १५ मिलीअँपिअरचं ओव्हरड्राइव्ह लावलं तर ते जळेल ही भीती आपल्याकडे बऱ्याच जणांना असते. ती सोडा. मागितल्यापेक्षा कमी मिलीअँपिअर दिले तर मात्र अडचण आहे. समजा बोर्डावर बॉसचा टीयू-३ ट्यूनर आहे, तो जास्तीत जास्त ८५ मिलीअँपिअर घेतो. कॉम्प्रेसर २०, ऑक्टेव्ह १५, ओव्हरड्राइव्ह १५ धरा. शेवटी झूमचा बी१ फोर (एकाच खोक्यात अनेक इफेक्ट देणारं डिजिटल मल्टी-इफेक्ट), ज्याला कंपनी ५०० मिलीअँपिअरचा अडॅप्टर सांगते. झाले ६३५. वर पाव-एक भाग मोकळा ठेवा, म्हणजे ८०० च्या खालचा सप्लाय घेऊच नका. बघा, चार छोटी पेडल्स मिळून १३५ आणि एकटं मल्टी-इफेक्ट ५००. म्हणून वहीत डिजिटल पेडल्सखाली लाल रेघ मारा, पुढे त्यांचीच बडदास्त ठेवायची आहे.

बेरीज जुळली म्हणजे काम झालं असं नाही. सप्लायच्या खोक्यावर ‘२ अँपिअर’ असं मोठ्या अक्षरात असतं, पण ते सगळ्या आउटपुटचं मिळून. एकेका आउटपुटवर १०० मिलीअँपिअरच असतील तर मल्टी-इफेक्ट तिथे उपाशी राहणार: स्क्रीन लुकलुकेल, मध्येच रीस्टार्ट होईल, आणि तुम्ही पेडल खराब झालं म्हणून दुरुस्तीला न्याल. प्रत्येक आउटपुटचा आकडा वाचा आणि वहीतल्या पेडलपासून त्या आउटपुटपर्यंत बाण काढा. दोन आउटपुट जोडून करंट दुप्पट किंवा व्होल्ट दुप्पट करणाऱ्या वाय केबल मिळतात. त्या फक्त आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येकाची ग्राउंड वेगळी असलेल्या, आउटपुटवर वापरायच्या.

डेझी चेन की आयसोलेटेड, हा खरा खर्चाचा प्रश्न. डेझी चेन म्हणजे एकाच अडॅप्टरमधून निघालेली, ठिकठिकाणी पिना असलेली वायर. ट्रूटोनचा वन स्पॉट १७०० मिलीअँपिअर देतो, म्हणजे वरची आपली बेरीज त्याच्या खिशात बसते. बोर्डावर सगळी ॲनालॉग पेडल्स असतील तर डेझी चेनने कार्यक्रम आरामात निघतो, उगीच पैसे घालू नका. पण डिजिटल पेडल आलं की त्याच्या आतल्या घड्याळाचा (चिपला ताल देणाऱ्या सर्किटचा) आवाज त्याच सामायिक वायरीतून बाकीच्यांत शिरतो, आणि पुढे कॉम्प्रेसर किंवा डिस्टॉर्शन असेल तर तो उचलून मोठा करतो. डास कानाशी यावा तशी बारीक किणकिण. शिवाय पेडल्सची ग्राउंड पॅच केबलच्या (पेडलला पेडल जोडणाऱ्या छोट्या वायरीच्या) शील्डमधून आधीच जोडलेली असते, तीच पॉवरच्या वायरीतून पुन्हा जोडली जाते, आणि ग्राउंड लूप तयार होतो, त्यातून हम, म्हणजे विजेचा सलग घुमणारा आवाज येतो. आयसोलेटेड सप्लायमध्ये प्रत्येक आउटपुटची ग्राउंड वेगळी असल्याने तो लूपच पूर्ण होत नाही.

माझं मत विचाराल तर मधला मार्ग चांगला: ॲनालॉग पेडल्सची डेझी चेन एका आउटपुटवर, प्रत्येक डिजिटल पेडलला स्वतंत्र आउटपुट. स्वस्त सप्लायवर ‘आयसोलेटेड’ छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका. सप्लाय चालू न करता मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, दोन आउटपुटच्या पिनांच्या आत एकेक प्रोब लावा (मध्ये निगेटिव्ह असेल तर ग्राउंड आतच असते). बीप आला तर ग्राउंड एकच आहे, छपाई काही म्हणो.

मल्टिमीटर हातात आहेच तर पोलॅरिटीही तपासून घ्या. बहुतेक पेडल्सना मध्ये निगेटिव्ह लागतं. सप्लाय चालू करून लाल प्रोब पिनेच्या आत आणि काळा बाहेरच्या पत्र्याला लावा. उणे नऊच्या आसपास दिसलं की ठीक. घरातल्या ड्रॉवरमधला जुना कीबोर्डचा किंवा राउटरचा अडॅप्टर बहुधा मध्ये पॉझिटिव्ह असतो, पिन मात्र हुबेहूब बसते. जुने साधे अडॅप्टर ९ लिहून मोकळे असताना १२-१३ व्होल्टही दाखवतात. ते तिथेच ठेवून द्या. जुन्या धाटणीचं जर्मेनियम फझ वापरत असाल तर त्याची ग्राउंड पॉझिटिव्ह असू शकते. ते डेझी चेनवर लावलं की सरळ शॉर्ट. त्याला चौकोनी सेलच बरा.

अमेरिकेतून मेव्हण्याने सप्लाय आणला असेल तर आधी इनपुटचा आकडा वाचा. १००-२४० असेल तर खुशाल लावा. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटपासून लांब.

बेसवाल्याने हमचा एवढा धसका का घ्यायचा, त्याचं कारण सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. सप्लायच्या रेक्टिफायरमधून गळणारा हम १०० हर्ट्झचा, आणि मोकळी जी तार ९८ ची. गिटारवाला आवाजाचा खालचा भाग ईक्यूने (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करून) सरळ कापून टाकतो, त्याचं काही जात नाही. आपण कापायला गेलो तर सूरच कापला जातो. बरं, हा हम सुरातही नाही, सेमीटोनच्या साधारण एक तृतीयांश चढा. स्टेजवर जी धरून ठेवा, सेकंदाला एक असा हेलकावा ऐकू येईल. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तो आवाज ए शार्प आणि बीच्या मध्ये पडतो; म्हणून तिकडच्या व्हिडिओत सांगितलेला ईक्यूचा उपाय जसाच्या तसा इथे उचलू नका.

घरची चाचणी अशी. आधी बेस थेट ॲम्पला लावून ऐका. जॅझ बेसवर एका पिकअपचा व्हॉल्यूम कमी केला की जो हम येतो तो पिकअपचाच, त्याचं पाप सप्लायच्या माथी मारू नका. दोन्ही पूर्ण उघडले की तो बराचसा जातो. मग एकेक पेडल जोडत जा, प्रत्येक वेळी थांबून ऐका. ज्या पेडलने किणकिण आली त्याला तात्पुरता ९ व्होल्टचा सेल लावा. आवाज गेला तर दोष वाटून घेतलेल्या पॉवरचा, राहिला तर पॅच केबल बघा. ही चाचणी इन्व्हर्टरवर करू नका. लाइट गेलेली असताना स्वस्त इन्व्हर्टरचा चौकोनी वेव्ह सगळ्याच सप्लायना कुरकुरायला लावतो आणि तुमचा शनिवार वाया जातो. बोर्डाखाली ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय बसवला असेल तर वाह पेडल त्याच्या डोक्यावर ठेवू नका, आतली कॉइल हम ओढून घेते.

कार्यक्रमाच्या जागी सगळ्यात आधी मंडपवाल्याला किंवा जनरेटरवाल्याला गाठा, आणि गोड बोला. “दादा, साउंडचा मिक्सर ज्या लाइनवर आहे, तिथूनच स्टेजला एक एक्स्टेंशन बोर्ड द्या ना,” एवढंच मागायचं. मिक्सर एका फेजवर, स्टेज दुसऱ्यावर आणि त्याच लाइनवर कॅटररचा ज्यूसचा मिक्सर, अशी वाटणी झाली की तुमच्या महागड्या सप्लायचाही इलाज नाही. बोर्ड मिळाला की मीटरने मोजा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. अर्थला पंधरा-वीस दिसले तर साउंडवाल्याला दाखवा आणि अर्थिंग नीट होईपर्यंत बेसच्या तारेला हात लावू नका. हम जावा म्हणून थ्री पिनची अर्थची पिन काढून टाकणारे अजून भेटतात. मायक्रोफोनला ओठ आणि बेसच्या तारेला बोटं, अशा वेळी शॉक थेट अंगातून जातो. डीआय बॉक्सवर (बेस आणि मिक्सरच्या मधल्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, हम घालवायला ते आहे. डिसेंबरच्या रात्री लॉनवर दव पडतं. एक्स्टेंशन बोर्ड गवतावर नको, प्लास्टिकच्या क्रेटवर ठेवा.

महावितरणची लाइन जाऊन जनरेटर सुरू होतो त्या क्षणी डिजिटल पेडल रीस्टार्ट होणारच. त्यात लावलेला आवाज सेव्ह केलेला असू द्या, आणि गाणं चालू असेल तर त्याला बायपास करून वाजवता येईल अशी जोडणी ठेवा. सप्लाय चालू-बंद करताना ॲम्प म्यूट. नाहीतर जो धप्प आवाज येतो त्याने वधूच्या आजी दचकतात.

पिशवीत काय टाकायचं: ९ व्होल्टचा सुटा अडॅप्टर, दोन चौकोनी सेल (पेडलमध्ये घातले तर इनपुटची पिन काढून ठेवा, नाहीतर सेल उतरतो), दोन जादा पॅच केबल, गॅफर टेप, मल्टिमीटर, आणि जाड पिनेच्या पॉवर पॉइंटला लागणारा कन्व्हर्जन प्लग. सप्लायची मेन्स केबल निघणारी असेल तर तिचीही दुसरी जोडी घ्या, कारण घरी राहते ती नेमकी तीच. बऱ्याच सप्लायना कॉम्प्युटरच्या मॉनिटरची केबल बसते, ती एमजी रोडला दिवसा सहज मिळते. रात्री नऊला लॉन्सवर मात्र डीजेवाल्याकडे मागावी लागते, आणि तो त्याची केबल काढून देत नाही.