कोल्ड कॉफी पाणचट होऊ नये म्हणून

मुंबईच्या मे महिन्यात ग्लासातला बर्फ बघता बघता विरघळतो आणि कोल्ड कॉफीचं पाणी होतं. म्हणून बर्फच कॉफीचा करा. वाटीभर गरम पाण्यात 2 चमचे इन्स्टंट कॉफी कालवा, गार झाली की ट्रेमध्ये ओतून रात्रभर गोठवा. माटुंग्याहून ताजी दळून आणलेली फिल्टर कॉफी असेल तर तिचं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला दाट अर्क, वापरा, चव कितीतरी उजवी लागते. हा कॉफीचा बर्फ ग्लासात टाकून वरून थंडगार दूध घाला. साखर मात्र कॉफी गरम असतानाच विरघळवा. गार दुधात ती तळाशी कचकच करत बसते. आणि हो, फ्रीझरमध्ये मासळी असेल तर ट्रे झाकून ठेवा, नाहीतर कॉफीला बोंबलाचा वास!