जुन्या दुर्बिणीचा आरसा खराब झालाय? या चुका टाळा

माळ्यावर दहा-पंधरा वर्षं पडलेली न्यूटोनियन दुर्बीण (तळाशी मोठा मुख्य आरसा, तोंडाजवळ छोटा तिरपा दुय्यम आरसा) खाली काढली, नळीत टॉर्च मारला की आरसा हमखास भयंकर दिसतो. धूळ, पाण्याचे वाळलेले डाग, कडेला बुरशीची जाळी, मध्येच एखादा ओरखडा. "आरसा गेला" असा निकाल तिथेच लागतो आणि पुढच्या बहुतेक चुका त्या निकालातून जन्माला येतात.

टॉर्चच्या तिरप्या उजेडात नवा आरसाही गलिच्छ दिसतो, त्यामुळे त्या दृश्यावर विश्वास ठेवू नका. आधी ठरवायचं ते हे की बिघाड कोटिंगचा आहे, काचेचा आहे की बसवणीचा. कोटिंग म्हणजे सुमारे ०.०००१ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा थर. ते भांड्याच्या कल्हईसारखं असतं, उडालं तर पुन्हा करता येतं. खरी किंमत आहे ती काचेला दिलेल्या आकाराची. चांगल्या आरशाचा पृष्ठभाग आदर्श वक्रापासून साधारण ०.००००७ मिलिमीटरपेक्षा जास्त ढळलेला चालत नाही. हॅलेच्या धूमकेतूच्या वेळी, १९८५-८६ च्या सुमारास, हाताने घासून केलेले कित्येक सहा इंची आरसे आजही या कसोटीला उतरतात. कोटिंग उडालं म्हणून असा आरसा टाकून बाजारातला नवा आणणं हा बऱ्याचदा तोट्याचा सौदा ठरतो.

निदान न करता आरसा खोलणं

आरसा बाहेर काढण्याआधी एक रात्र द्या. दुर्बीण तासभर उघड्यावर थंड होऊ द्या, जास्त शक्तीची आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावा (सहा इंचीला १५० पटीच्या आसपास), डोक्यावर आलेला मध्यम तेजाचा तारा मधोमध घ्या आणि फोकसच्या थोडं आत व थोडं बाहेर बघा. ताऱ्याची वलयांची चकती झालेली दिसेल.

चकती गोल, वलयं एककेंद्री, पण सगळं फिकट दिसत असेल तर काच ठीक आहे, कोटिंग थकलंय. चंद्र किंवा गुरूभोवती धुरकट प्रभा दिसत असेल तर धूळ, बुरशी किंवा डागाळलेला थर. वलयं एकाच बाजूला सरकलेली असतील तर कोलिमेशन, म्हणजे दोन आरशांची एका रेषेतली जुळणी, बिघडलंय. चकती त्रिकोणी दिसली तर आरसा धरणाऱ्या तीन क्लिपा घट्ट झाल्यात, आणि त्यासाठी काही विकत आणायची गरज नाही.

चकती लंबगोल असून फोकसच्या दुसऱ्या बाजूला गेल्यावर तिची दिशा ९० अंशांनी फिरत असेल, तर तो ॲस्टिग्मॅटिझम, म्हणजे दोन दिशांना वेगवेगळ्या जागी पडणारा फोकस. इथे घाई नको. आधी स्वतःचं डोकं फिरवून बघा. लंबगोल डोक्याबरोबर फिरला तर दोष डोळ्याचा. मग आयपीस फिरवा. तरी जागचा हलला नाही तर मुख्य आरसा त्याच्या बैठकीत ९० अंश फिरवून बसवा आणि पुन्हा बघा. लंबगोल आरशाबरोबर फिरला तर दोष काचेत आहे. न फिरता तसाच राहिला तर दोष बैठकीत किंवा दुय्यम आरशात. ही एक चाचणी न केल्यामुळे चांगले मुख्य आरसे बदलले जातात आणि दुर्बीण होती तशीच राहते.

ओरखडे आणि टवके यांचा धसका

१५० मिलिमीटरच्या आरशाच्या कडेला १० बाय ५ मिलिमीटरचा टवका उडाला तर प्रकाश जातो सुमारे ०.३ टक्के. त्याच दुर्बिणीतला ३५ मिलिमीटरचा दुय्यम आरसा रोज ५.४ टक्के प्रकाश अडवतो, त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. टवक्याच्या आणि खोल ओरखड्याच्या जागी बारीक ब्रशने मॅट काळा रंग लावा, म्हणजे विखुरणारा प्रकाश थांबेल. मात्र आरसा कोटिंगला पाठवायचा असेल तर रंग नंतर लावा. निर्वात पेटीत रंगातून वायू सुटतो आणि थर बिघडतो.

टवक्याची धारदार कड तशीच ठेवू नका, तिथून पापुद्रे सुटत जातात. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावत, कडेवर ४५ अंशांत मिलिमीटरभर उतार काढा. कोरडं घासू नका, काचेची पूड फुप्फुसात जाते. पृष्ठभाग वर असताना हे करायचं नाही. आरसा उभा धरा, म्हणजे कण खाली गळतील.

आरपार गेलेल्या तड्याला मात्र इलाज नाही. काचेतला ताण बदलतो, आकार बिघडतो. तो आरसा बदलायचाच.

पुसणं

सर्वांत जास्त आरसे मरतात ते साफ करताना. मलमल, चष्म्याचं कापड, शर्टाचं टोक, काहीही कोरडं फिरवलं की धुळीतले वाळूचे कण मऊ ॲल्युमिनियमवर रेघा ओढतात. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा किंवा पॉलिश पावडरने डाग काढायला गेलात तर थर निघतोच, वर काचेचा आकारही जातो. अमोनिया असलेला काच पुसायचा फवाराही नको, कारण अल्कली ॲल्युमिनियमला खाते.

पद्धत साधी आहे. अंगठी, घड्याळ काढा. टबाच्या तळाशी घडी घातलेला टॉवेल ठेवा. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग दोन-तीन मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. एक लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून आरसा दहा मिनिटं बुडवून ठेवा. मग औषधाच्या दुकानातला शोषक कापूस पाण्यातच, फक्त स्वतःच्या वजनाने, एका दिशेने ओढा. बोट दाबायचं नाही. एक बोळा, एक फेर, आणि फेकून द्या. बोअरच्या जड पाण्याचे क्षार वाळून पांढरे ठिपके पडतात, म्हणून शेवटचं पाणी डिस्टिल्डच हवं. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते सीलबंद बाटलीतलं चालतं. आरसा कडेवर जवळजवळ उभा ठेवून वाळू द्या, राहिलेले थेंब टिश्यूच्या टोकाने टिपा.

धुऊनही निळसर-पांढरट धुकं राहिलं, किंवा आरसा दिव्यासमोर धरला की चाळणीसारखी भोकं दिसली, तर पुन्हा पुन्हा धुऊ नका. कोटिंगची वेळ झालीय.

चुकीच्या हातात कोटिंग

घरातल्या आरशाला चांदी चढवणाऱ्याकडे दुर्बिणीचा आरसा देऊ नका. तिथे चांदी मागून चढते आणि तिच्यावर रंग बसतो. आपल्याला परावर्तन पुढच्याच पृष्ठभागावरून हवं. क्रोम स्प्रेचा तर विचारही नको.

त्याहून फसवा पर्याय म्हणजे व्हॅक्यूम मेटलायझिंगचे कारखाने, जिथे हेडलाइटचे रिफ्लेक्टर आणि प्लास्टिकची शोभेची भांडी चकाकवतात. यंत्र तसंच असतं, निर्वात पेटी आणि टंगस्टनच्या तारेवर वितळून उडणारं ॲल्युमिनियम. पण तिथे धातूच्या खाली आणि वर लॅकर (वार्निशसारखा लेप) मारायची पद्धत आहे. लॅकरचा थर ॲल्युमिनियमच्या कित्येक पट जाड आणि असमान असतो. आरसा चमकतो खूप, प्रतिमा मात्र गोळा होते. विचारायचा प्रश्न एकच: काचेवर थेट, लॅकरशिवाय ॲल्युमिनियम आणि वर सिलिकॉन ऑक्साइडचा संरक्षक थर देता का? खात्रीची जागा शोधायला पुण्याची १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ अशा संस्थांमधल्या आरसे घासणाऱ्यांना विचारलेलं बरं.

घरी रासायनिक चांदी चढवायचा मोह अनेकांना होतो. १८५७ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने काचेवर चांदीचे आरसे केले, तेव्हापासून ही युक्ती चालत आलीय. पण शहरी हवेत उघडी चांदी काही महिन्यांत काळवंडते, आणि अमोनियायुक्त चांदीचं उरलेलं द्रावण ठेवून दिलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. हे धाडस नकोच.

जुना थरही स्वतः काढत बसू नका. सर्किट बोर्डाचं फेरिक क्लोराइड उघड्या ॲल्युमिनियमवर चालतं, पण वर संरक्षक थर असेल तर ठिकठिकाणी अडतं. कॉस्टिक सोडा पॉलिश केलेली काचही खातो. हे काम कोटिंगवाल्याचं.

पाठवण्याआधी दोन गोष्टी. एक, काचेची परीक्षा करून घ्या. फूकोची चाचणी (पात्याच्या धारेने प्रकाश अडवून आरशाचा आकार तपासणं) कोटिंगशिवायही होते, कारण साधी काचही ४ टक्के प्रकाश परावर्तित करते. आकार सुधारायचा असेल तर तो कोटिंगआधीच. दोन, दुय्यम आरसाही सोबत पाठवा. ताजं ॲल्युमिनियम ८८ टक्क्यांच्या आसपास परावर्तन देतं, म्हणजे दोन्ही नवे असतील तर प्रकाश पोचतो सुमारे ७७ टक्के. मुख्य आरसा नवा आणि दुय्यम ६५ टक्क्यांवर आलेला असेल तर ५७. अर्धा खर्च वाया.

नवा आरसा, जुनी नळी

बदलायचाच असेल तर "सहा इंची द्या" एवढं पुरत नाही. सहा इंच म्हणजे १५२.४ मिलिमीटर, आजचे बरेच आरसे १५० चे असतात. जुन्या बैठकीत ते हलतात, तेव्हा कडेने प्लास्टिकच्या पट्ट्या घाला, पण चहूबाजूंनी अर्धा मिलिमीटर मोकळीक ठेवा. जाडीही मोजा. जुना आरसा साधारण २५ मिलिमीटरचा, नवा पातळ असू शकतो.

महत्त्वाचं आहे ते नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून ताऱ्याची प्रतिमा जमते तिथपर्यंतचं अंतर. जुन्या आरशाचं कळत नसेल तर अंधाऱ्या खोलीत त्याच्यासमोर छोटा दिवा ठेवून मागे-पुढे करा. दिव्याची स्पष्ट प्रतिमा दिव्याशेजारीच पडली की त्या अंतराच्या निम्मं म्हणजे नाभीय अंतर. २४०० मिलिमीटर भरलं तर १२००, म्हणजे १५० च्या आरशाला एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट). सूर्याने मोजायला जाऊ नका, आग लागते आणि डोळा जातो.

नवा आरसा ११८० चा निघाला तर बैठक २० मिलिमीटर पुढे सरकवावी लागेल, नाहीतर फोकसर (आयपीस आत-बाहेर सरकवणारा भाग) कितीही आत घेतला तरी प्रतिमा जमणार नाही. म्हणून नळीला भोकं शेवटी पाडा. आधी बैठक तात्पुरती धरून, आयपीस निम्म्या मार्गावर ठेवून चंद्रावर फोकस जुळतोय का बघा.

दुर्बिणींची एक जात अशी आहे जिथे हे गणितच लागू नाही. नळी जेमतेम अर्धा मीटर, आणि वर लिहिलंय १००० मिलिमीटर, तर फोकसरच्या नळीत एक भिंग बसवलेलं असणार. त्यात साधा पॅराबोलिक (परवलयाकार) आरसा टाकला तर प्रतिमा बिघडते, कारण ते भिंग गोलीय आरशाचा दोष भरून काढायला असतं. उलट ११४ मिलिमीटर, ९०० नाभीय अंतराच्या दुर्बिणीला गोलीय आरसा पुरतो. एफ/५ ला अजिबात नाही.

दुय्यम आरशाची लहान बाजू किती? १५० च्या एफ/८ ला, दुय्यमच्या मध्यापासून फोकसपर्यंत १८० मिलिमीटर अंतर धरलं, तर १५० × १८० ÷ १२०० = २२.५ हे अगदी किमान. मध्यभागी १२ मिलिमीटर क्षेत्र पूर्ण उजळायचं तर ३३ च्या आसपास, म्हणून ३५ चा घ्या. घरातल्या आरशाचा तुकडा कापून लावणं बाद: तो सपाट नसतो आणि पुढची-मागची अशा दोन प्रतिमा देतो.

चिकटवणं आणि आवळणं

दुय्यम आरसा दांड्याला चिकटवताना फेविक्विकसारखा गोंद वापरला तर त्याच्या वाफेची पांढरी साय आरशावर बसते. एपॉक्सी कडक होताना काच ओढते. दुहेरी फोम टेप उन्हाळ्यात सुटते, आणि खाली मुख्य आरसा असतो. न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं ॲसेटिक ॲसिड थराला बाधतं. तीन ठिकाणी ७-८ मिलिमीटरचे ठिपके, मध्ये जाडी राखायला आगकाड्या, आणि दुसऱ्या दिवशी काड्या काढून टाका. तीन-चार दिवस उशीवर ठेवून मगच दुर्बिणीत लावा.

मुख्य आरशाच्या क्लिपा काचेला टेकवायच्या नाहीत. मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट हवी. आरसा हलवला की किंचित टकटक आवाज आला पाहिजे. तो आवाज नको म्हणून क्लिपा आवळणारेच पुढे त्रिकोणी तारे बघतात. बसवण्याआधी आरशाच्या मध्यावर फाइलच्या भोकांना लावतात ते गोल स्टिकर चिकटवा. ते दुय्यमच्या सावलीतच असतं, प्रकाश जात नाही.

कोलिमेशनचा क्रम उलटा करू नका. आधी दुय्यम आरसा फोकसरखाली मधोमध, मग त्यात मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा दिसेपर्यंत त्याचे स्क्रू, शेवटी मुख्य आरशाचे. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या डबीला मधोमध दोन मिलिमीटरचं भोक पाडलं तर ती सव्वा इंची फोकसरमध्ये नीट बसते आणि भोकातून बघत हे जुळवता येतं. जुळणीसाठी स्वस्त लेझर वापरायचा तर आधी तो जागच्या जागी गोल फिरवा. समोरचा ठिपका वर्तुळ काढत असेल तर लेझरच वाकडा आहे.

पावसाळ्यापूर्वी नळीची दोन्ही तोंडं झाकून आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. आरशावर मखमल, कापूस किंवा वर्तमानपत्र दाबून ठेवू नका, ते ओल धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. किनाऱ्यालगत खारी हवा असल्याने रात्री निरीक्षणानंतर दव पडलेला आरसा न पुसता, पंख्याखाली पूर्ण वाळवून मगच झाकण लावायचं.