घरची पोअर-ओव्हर: नळापासून कपापर्यंत

१५ ग्रॅम कॉफी, २५० ग्रॅम पाणी, तीन मिनिटं. पोअर-ओव्हरची, म्हणजे कागदातल्या पुडीवर हाताने गरम पाणी ओतून गाळलेल्या कॉफीची, कृती एवढीच. तरीही तोच ड्रिपर (कागद धरणारं खाली भोकाचं भांडं) आणि त्याच पाकिटातली कॉफी घेऊन एका घरात गोडसर कप उतरतो आणि दुसऱ्या घरात मचूळ. अशा वेळी लोक नवी किटली घेतात, नवा ड्रिपर घेतात. खरी गडबड बहुतेकदा पाण्यात असते, नाहीतर दळण्यात.

पाण्याचं आधी पाहू. चांगल्या उतरलेल्या कपात कॉफीचा विरघळलेला अंश सव्वा ते दीड टक्क्याच्या आसपास असतो. बाकी सगळं पाणीच. पुणे महापालिकेच्या नळाला येणारं पाणी मुख्यतः खडकवासला साखळीतल्या धरणांचं, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर यांचं. सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचं हे पाणी मऊ असतं आणि कॉफीला मानवतं. क्लोरीनचा वास येत असेल तर कार्बन फिल्टरमधून काढलं की काम झालं. शहराच्या कडेच्या सोसायट्यांत मात्र बोअर आणि टँकरचं पाणी मिसळतं. बसाल्टच्या भेगांमधून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट जास्त. नळाच्या तोंडाशी आणि गिझरमध्ये जो पांढरा थर धरतो तो यांचाच. बायकार्बोनेट कॉफीतली आम्लं मारून टाकतं, मग बिया कितीही चांगल्या असोत, कप सपाट लागतो.

आरओचं पाणी हे दुसरं टोक. त्यातली खनिजं जवळजवळ सगळी निघून गेलेली असतात. कॉफीची चव ओढून घ्यायला कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं आणि आम्लाला आवर घालायला थोडं बायकार्बोनेटही लागतं. दोन्ही नसलं की कॉफी पातळ आणि टोचरी आंबट होते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर स्वस्तात मिळतो, तो घ्या. आकडा १५० च्या आसपास उत्तम, ७५ ते २५० पर्यंत चालतो. आरओ यंत्राला टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर सर्व्हिसवाल्याकडून तो १०० च्या वर लावून घ्या. तशी सोय नसेल तर मिसळा: आरओचं पाणी ३० आणि उकळून निवळलेलं बोअरचं ५०० दाखवत असेल, तर चार भाग आरओला एक भाग बोअरचं घातलं की साधारण १२५ होतं. बोअरचं पाणी आधी उकळून, निवळून, वरचं तेवढं घ्या. पाच मिनिटं उकळल्यावर बराचसा चुना तळाशी बसतो, जंतूंचाही प्रश्न मिटतो.

सॉफ्टनर प्लांट असलेल्या सोसायटीत मीटर फसवतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडतो, त्यामुळे टीडीएसचा आकडा फारसा बदलत नाही, बायकार्बोनेटही जसंच्या तसं राहतं. थर धरत नाही म्हणून पाणी चांगलं वाटतं, पण कॉफीला ते सर्वांत वाईट. तिथे पिण्याच्या पाण्याच्या वेगळ्या नळाचंच पाणी घ्या.

आता दळण. पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर ते ग्राइंडरवर घाला. काचेच्या देखण्या भांड्याशिवाय अडत नाही. मिक्सरचं पातं बिया कापत नाही, त्या फोडत सुटतं. काहींचा मैदा होतो, काहींची नुसती डाळ पडते. मैद्यातून कडूपणा आधी सुटतो, डाळीतून आंबटपणाच्या पुढे काही सुटत नाही, आणि कपात दोन्ही एकदम येतात. बर ग्राइंडर जात्यासारखा चालतो: दोन दातेरी भागांमधली फट ठरलेली, त्या फटीतून मावेल तेवढाच कण खाली पडतो. हाताने फिरवायचा साधा बर ग्राइंडर एका-दोघांना पुरतो.

जाडी किती ठेवायची? उपम्याचा जाड रवा बोटांत चोळून पाहा, तसं लागलं पाहिजे. स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरसाठी विकतात ती पूड बारीक रव्यासारखी असते. ती कागदात घातली तर पाणी तुंबून राहतं. ग्राइंडरवर जाडी ठरवायच्या ‘क्लिक’चे आकडे एका मॉडेलचे दुसऱ्याला लागू पडत नाहीत, म्हणून इंटरनेटवरचा आकडा फक्त सुरुवातीला धरा.

मिक्सरच हाताशी असेल तर चटणीच्या लहान भांड्यात २२ ग्रॅम बिया घ्या, एकेका सेकंदाचे आठ-दहा झटके द्या, मध्ये भांडं हलवत राहा. सलग फिरवलं तर पूड तापते. मग मैद्याच्या चाळणीने चाळून खाली पडलेली धूळ बाजूला ठेवा, मोठे तुकडे वेचून काढा, आणि मधली १५ ग्रॅम वापरा. धूळ दुधाच्या कॉफीत खपते. हे ग्राइंडरची बरोबरी करत नाही, पण फरक पहिल्या घोटात कळतो.

बियांच्या पाकिटावर दोन गोष्टी वाचा. एक, चिकोरी नको. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी कायद्याने चालते आणि प्रमाण पाकिटावर छापावंच लागतं. दुधाच्या कॉफीला ती अंग देते. इथे ती पाण्यात भराभर विरघळून कप काळा आणि एकसुरी करते, वर कागदही तुंबवते. दुसरी, भाजल्याची तारीख. हलक्या भाजणीच्या बिया भाजल्यापासून आठ-दहा दिवसांनी खुलतात आणि त्यापुढे महिनाभर चांगल्या राहतात. चिकमगळूर, कोडगू, अराकू यांपैकी कुठलीही मध्यम किंवा हलक्या भाजणीची अरेबिका सुरुवातीला घ्या. मॉन्सून्ड मलबार मुद्दाम पावसाळी वाऱ्यात फुगवलेली असते, तिच्यात आंबटपणा जवळपास नसतो. आंबट कॉफी ज्यांना नकोच त्यांनी ती घ्यावी.

डबा घट्ट झाकणाचा हवा, विशेषतः जून ते सप्टेंबर. फ्रिजमध्ये ठेवू नका, बिया कालच्या लसणाच्या चटणीचा वास धरतात. जास्त आणल्या असतील तर एका वेळेपुरत्या पुड्या बांधून फ्रीझरमध्ये टाका, आणि बाहेर काढलेली पुडी परत आत नको. फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांत पूड ग्राइंडरच्या भिंतींना चिकटून उडते. दळण्याआधी बियांवर ओल्या बोटाने एक थेंब पाणी फिरवलं की ते थांबतं.

ड्रिपरचं थोडक्यात: शंकूच्या आकाराचा, ६० अंशांचा, खाली एकच मोठं भोक असलेला व्ही६० सगळीकडे मिळतो. सपाट बुडाचे ड्रिपर ओतण्यातल्या चुका जास्त पोटात घालतात. व्ही६० घ्यायचा तर प्लास्टिकचा घ्या. चिनीमातीचा दिसतो छान, पण डिसेंबरच्या सकाळी स्वयंपाकघर गार असताना तो पाण्यातली उष्णता आधी स्वतः पितो. कागद ड्रिपरच्या मापाचा असावा, ०२ ला ०२. कागद परवडत नसेल तर वस्त्रगाळ करा: घट्ट विणीचं सुती कापड, पहिल्यांदा उकळून घेतलेलं, साबण न लावता धुतलेलं आणि पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवलेलं. वाळू दिलं तर त्यातल्या तेलाला खवट वास येतो.

वजनकाटा हवाच. चमच्याने मोजू नका. हलक्या भाजणीच्या बिया जड, गडद भाजलेल्या फुगून हलक्या झालेल्या असतात, त्यामुळे तोच चमचा वेगळं वजन देतो. किटलीला बारीक लांब तोटी असावी. चहाच्या किटलीची तोटी आखूड आणि जाड असते, तिच्यातून धार आवरत नाही. तुळशीबागेत भांड्यांच्या दुकानांत बारीक तोटीची झारी दिसली आणि तिच्यात अर्धा लिटर मावत असेल तर ती चालेल.

उष्णतेबद्दल एक पुणेरी बारकावा. पुणं साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ लाच. ‘उकळलं की थांबा’ हा सल्ला समुद्रकाठच्या शहराचा, आपल्याला तो पूर्ण लागू नाही. हलक्या भाजणीला उकळतं पाणी थेट वापरा. मध्यम भाजणीला ९२ ते ९४, गडद भाजणीला ८८ ते ९०. थर्मामीटर नसेल तर पातेल्यातलं उकळतं पाणी गार किटलीत ओता, तेवढ्यानेच चार-सहा अंश उतरतात. म्हणून हलक्या भाजणीच्या वेळी किटली आधी गरम पाण्याने विसळायला विसरू नका.

आता प्रत्यक्ष कृती. कागदाची शिवण दुमडून ड्रिपरमध्ये बसवा, त्यावरून कपभर गरम पाणी सोडा आणि खालचं पाणी फेकून द्या. याने कागदाचा वास जातो आणि ड्रिपर तापतो. १५ ग्रॅम पूड घाला, ड्रिपर थोपटून सपाट करा, काटा शून्यावर आणा, आणि डोक्यावरचा पंखा बंद करा. घड्याळ सुरू करून ४५ ग्रॅम पाणी गोलाकार ओता आणि ड्रिपर हातात धरून दोन-तीनदा हलकेच फिरवा, म्हणजे कोरडी गुठळी राहणार नाही. पूड फुगून बुडबुडे येतात. भाजताना अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो आत राहिला तर पुढचं पाणी कणांपर्यंत पोचू देत नाही. पूड मुळीच फुगली नाही तर बिया जुन्या झाल्यात असं समजा.

चाळिसाव्या सेकंदाला पुन्हा ओतायला लागा. चार बोटं उंचीवरून, सेकंदाला चार-पाच ग्रॅम अशी बारीक धार, मध्यापासून बाहेर आणि परत मध्याकडे. कागदाच्या भिंतीवर धार नको, ते पाणी पुडीला न भेटताच खाली जातं. साधारण १ मिनिट ५ सेकंदांना काटा १५० वर आला पाहिजे. थोडं थांबा. १ मिनिट २० सेकंदांना उरलेलं ओतायला घ्या आणि पावणेदोन मिनिटांपर्यंत २५० वर या. ड्रिपर एकदा हळू फिरवा आणि पाणी उतरू द्या. पावणेतीन ते सव्वातीन मिनिटांत उतरलं पाहिजे. कपात साधारण २२० ग्रॅम येईल. पूड स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवते.

अमृततुल्यच्या चहावर वाढलेल्या हाताला इथे एक खोड आवरावी लागते: ‘अजून थोडं उतरू दे’. वेळ संपल्यावरही ड्रिपर ठिबकत असेल तर तो उचलून बाजूला ठेवा. शेवटचे थेंब तुरट असतात.

पहिला घोट लगेच घेऊ नका. अगदी गरम असताना जिभेला आंबट आणि तुरट यांतला फरक कळत नाही. कोमट झाल्यावर चाखा. कच्च्या कैरीसारखा रिकामा आंबटपणा आणि पाणचटपणा असेल, पाणीही अडीच मिनिटांच्या आत उतरलं असेल, तर पूड बारीक करा. संत्र्यासारखा रसाळ आंबटपणा मात्र दोष नव्हे, तो त्या बियांचा गुण. आवळा खाल्ल्यासारखं तोंड ओढत असेल आणि उतरायला चार मिनिटं लागली असतील तर पूड भरड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण आणि उष्णता दोन्ही बदललं तर कशामुळे काय झालं ते कळत नाही.

एकाच कपात आंबट आणि तुरट दोन्ही असेल तर उरलेल्या चोथ्याकडे बघा. सपाट असेल तर दळण असमान आहे. मध्ये खड्डा किंवा एका बाजूला चर असेल तर धार एकाच जागी पडली, पाण्याने वाट काढली आणि बाकीची पूड अर्धी कोरडी राहिली. वर चिखलासारखा बारीक थर दिसला तर धूळ जास्त झाली. अशा वेळी ओतण्याचे टप्पे कमी करा आणि धार कमी उंचीवरून, हळू सोडा. हे सगळं करूनही कप मचूळ लागला तर एकदा बाटलीतलं मिनरल वॉटर आणून त्यात करून बघा. चव खुलली तर दोष नळाचा.

दोघांसाठी करायची तर ३० ग्रॅमला ५०० ग्रॅम पाणी. थर जाड होतो, पाणी हळू उतरतं, म्हणून पूड किंचित भरड ठेवा आणि साडेतीन ते सव्वाचार मिनिटं धरा.

दुधाचं विचारलं जातंच. या कॉफीत दूध घातलं की ती कॉफीही राहत नाही आणि दूधही. दुधाची हवी असेल तर स्टीलचा फिल्टरच काढा, तो त्यासाठीच आहे. साखर अर्धा चमचा चालेल, पण आधी तशीच एकदा प्या.

झाल्यावर कागद चोथ्यासकट उचला, ड्रिपर गरम पाण्याने लगेच धुवा. तेलाचा पिवळा थर बसला तर दर पंधरा दिवसांनी सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवा. चोथा कढीपत्त्याच्या कुंडीत घालायचा तर मूठभरच, आणि मातीत मिसळून. वर नुसता पसरला तर वाळून त्याची पापडी होते आणि पाणी मुरत नाही.