कोल्हापुरात बिऱ्हाड करायचंय? आधी पुराची रेघ विचारा

पुण्यातून कोल्हापुरात राहायला येणारा माणूस पहिल्यांदा भाडं विचारतो. राजारामपुरीतल्या आमच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने देते, त्यामुळे असे फोन मला नेहमीचे. माझं उत्तर ठरलेलं: भाड्याचं नंतर बघू, आधी पाणी विचारा.

पाणी म्हणजे पंचगंगेचं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्काचा सखल भाग इथे घर मिळत असेल तर चौकशी दुप्पट करा. एजंट "इथं काय पाणी येत न्हाई" म्हणणारच. गल्लीतल्या इस्त्रीवाल्याला विचारा, "एकोणीसला कुठवर आलेलं?" तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. घर तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पार्किंगमध्ये पाणी शिरलं की गाडी, लिफ्ट, पाण्याची मोटर आणि विजेचे मीटर एकदमच जातात.

मग नळाचं पाणी. किती वाजता येतं, टाकी केवढी, बोअर आहे का, हे घरमालकाला नाही, शेजारणीला विचारायचं.

भाडं? दोन बेडरूमचं बरं घर साधारण १० ते १५ हजारांत मिळतं. ताराबाई पार्कात जास्त पडतं. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आसपास शोधणार असाल तर घाई करा. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथेच मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून वकील मंडळीही त्या भागात जागा हुडकतायत.

खरी बचत भाड्यापेक्षा अंतरात होते. कारखाने दोन अंगांना: शिरोली एमआयडीसी उत्तरेला, गोकुळ शिरगाव दक्षिणेला. नोकरी जिकडे, तिकडच्या अंगाला घर घ्या आणि जेवायला दुपारी घरी या. पुण्यात हे सुख पैसे मोजूनही मिळत नाही.

स्वयंपाकघरात मात्र फार वाचेल असं समजू नका. भाजी कपिलतीर्थ मंडईत ताजी मिळते, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध समोर काढून देतात. पण इथे राहायला लागलं की रविवारचं मटण चुकत नाही, पाहुणे आले की बुधवारचंही. २०१९ च्या शेवटी मटणाच्या दरावरून या गावात आंदोलन झालंय, यावरून काय ते ओळखा. महिन्याच्या हिशोबात मटणाचा रकाना वेगळा ठेवा.

दुसरा वेगळा रकाना पुण्याचा. सुमारे २३० किलोमीटर. आईवडील, मुलांचं कॉलेज किंवा ऑफिसची बैठक तिकडेच असेल आणि दर पंधरवड्याला जावं लागत असेल, तर भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोल आणि टोलमध्ये जातात. पगार पुण्याचाच राहणार असेल तर या खुशाल. इथल्या कारखान्यात नोकरी बघणार असाल तर आधी पगाराचा आकडा हातात घ्या, मग सामान बांधा.

घर बघायला जुलैच्या शेवटी या, भर पावसात. आवडलं तर ११ महिन्यांच्या करारात एवढं लिहून घ्या: पूर आला तर मीटर आणि मोटर दुरुस्तीचा खर्च कुणाचा. मी माझ्या करारात तो मालकाचा, म्हणजे माझाच, लिहिते.