प्रेअरीतील पाणथळींत माती आणि हरितगृह वायू एकत्र कसे मोजावेत

कॅनडातील आल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबापासून अमेरिकेतील डकोटा, मिनेसोटा व आयोवापर्यंत पसरलेल्या प्रेअरीत, म्हणजे गवताळ मैदानांत, हिमयुगाच्या अखेरीस वितळत गेलेल्या हिमथरांमुळे लाखो उथळ खळगे तयार झाले. या खळग्यांत पाणी साचून झालेल्या पाणथळींतून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड किती बाहेर पडतो हे मोजायचे असेल, तर वायूचा आणि मातीचा नमुना एकाच जागेवरून, एकाच दिवशी घ्यावा. मातीची माहिती नसेल, तर वायूचा आकडा अचूक असूनही शेजारच्या खळग्याबद्दल काही सांगू शकत नाही.

प्रथम खळग्याच्या मध्यापासून काठावरच्या शेतापर्यंत एक रेषा आखावी आणि खोल पाणी, उथळ दलदल, ओले कुरण व कोरडा चढ अशा प्रत्येक पट्ट्यात मोजणीच्या किमान तीन जागा ठरवाव्यात. खळगा उंचावर आहे की सखल भागात, याचीही नोंद ठेवावी. उंचावरील खळग्यांतून पाणी जमिनीत मुरते व क्षारही त्याच्याबरोबर निघून जातात, तर सखल खळग्यांत भूजल वर येऊन सल्फेट साचवते. सल्फेट मुबलक असेल तेथे त्यावर जगणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे खाद्य आधीच फस्त करतात. म्हणूनच दिसायला सारख्या असलेल्या दोन पाणथळींच्या मिथेनमध्ये मोठी तफावत आढळते, आणि पाण्याची विद्युतवाहकता व सल्फेट मोजणे माझ्या मते अजिबात टाळू नये.

वायूसाठी तळ उघडा असलेली बंद पेटी वापरतात. ती ज्यावर बसते ते कडे निदान एक दिवस आधी मातीत रोवून ठेवावे, कारण रोवताना मुळे तुटतात आणि अडकलेला वायू सुटतो. चिखलात पाय टाकला तरी बुडबुडे उसळतात व मोजणी बिघडते, त्यामुळे फळ्या टाकून त्यांवरूनच वावरावे. पाणकणसाची पोकळ खोडे मिथेन थेट हवेत सोडतात. ती छाटून पेटी बसवली, तर नैसर्गिक स्थिती मोजली जात नाही. झाकण लावल्यावर 0, 10, 20 आणि 30 मिनिटांनी सिरिंजने हवा काढून ती हवाबंद कुप्यांत भरावी आणि पेटीतले तापमान टिपावे.

समजा, 20 सेंटिमीटर उंच पेटीत अर्ध्या तासात मिथेन दर दशलक्ष भागांत 2 वरून 5 झाला आणि तापमान 25 अंश सेल्सिअस आहे, तर उत्सर्जन ताशी प्रति चौरस मीटर सुमारे 0.8 मिलिग्रॅम येते. चार बिंदू सरळ रेषेत नसतील आणि मध्येच उडी दिसत असेल, तर बहुधा बुडबुडा फुटलेला असतो. अशी नोंद वेगळी ठेवावी.

वायू घेऊन झाला की कड्याच्या लगतची माती ठरावीक घनफळाच्या नळीने काढावी. तिच्यावरून स्थूल घनता (ठरावीक घनफळातील कोरड्या मातीचे वजन), आणि घनता व ओलावा मिळून मातीची छिद्रे किती टक्के पाण्याने भरली आहेत, हे कळते. हे प्रमाण साधारण 60 टक्क्यांच्या वर गेले की विनायट्रीकरण, म्हणजे जिवाणूंनी नायट्रेटपासून नायट्रस ऑक्साइड व नायट्रोजन वायू बनवणे, जोर धरते. छिद्रे पूर्ण भरून प्राणवायू संपला की मिथेनची पाळी येते. नायट्रेटसाठीचा नमुना मात्र बर्फात ठेवूनच प्रयोगशाळेत न्यावा.

येथील मातीत एक खोच आहे. तिच्यात चुनखडी आणि जिप्सम (स्फटिकांत पाणी धरून ठेवणारे कॅल्शियम सल्फेट) दोन्ही सापडतात. चुनखडीतला कर्ब सेंद्रिय कर्बात मिसळू नये म्हणून एकूण कर्ब मोजण्यापूर्वी नमुन्याला आम्लाची प्रक्रिया करावी लागते. आणि जिप्सम 105 अंशांवर आपले स्फटिकजल सोडत असल्याने नेहमीच्या भट्टीत ओलावा प्रत्यक्षाहून जास्त दिसतो. मातीत पांढरे स्फटिक दिसले, तर कमी तापमानावर आणि अधिक वेळ वाळवावे.

मोजणी फक्त उन्हाळ्यात केली, तर नायट्रस ऑक्साइडचा मोठा हिस्सा हातून सुटू शकतो. बर्फ वितळताना, विशेषतः खत घातलेल्या शेताला लागून असलेल्या काठावर, तो अल्पकाळ झपाट्याने बाहेर पडतो. त्यामुळे त्या आठवड्यांत फेऱ्या वाढवाव्यात आणि दोन फेऱ्यांमधील अंतर कमी ठेवावे.