मंडळाच्या फ्लेक्ससाठी जाड, जुन्या थाटाचं अक्षर कसं निवडावं

गेल्या वर्षी आमच्या गणेशोत्सवाचा फ्लेक्स आला तो 'मंडल' छापूनच. इंदूरच्या दुकानातल्या मुलाने आपल्या परीने आमची चूक सुधारली होती. शिवाय अक्षर इतकं जाड, की 'ध' कुठला नि 'घ' कुठला ते कळेना. यंदा फाइल मीच केली.

आधी ठरवा, जाड अक्षरात किती शब्द घालायचे. मंडळाचं नाव आणि तारीख, बस्स. १८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत (छपाईचे खिळे ओतण्याच्या कारखान्यात) रॉबर्ट बेस्लीने 'क्लॅरेंडन' हा जाड टाइप आणला, तोही साध्या मजकुरातला एखादा शब्द उठून दिसावा म्हणून.  सगळंच जाड केलं तर काहीच उठून दिसत नाही.

इंग्रजी अक्षराला जुना थाट येतो तो सेरिफमुळे, म्हणजे रेघेच्या टोकाला काढलेल्या छोट्या बैठकीमुळे. देवनागरीत हा जुना थाट येतो तो बोरूच्या जाड-बारीक वळणातून. म्हणून नुसता जाडा फॉन्ट न घेता हे वळण असलेला घ्या. 'रोझा वन' फुकट मिळतो, मोठ्या आकारात देखणा दिसतो; पण त्याच्या बारीक रेघा केसासारख्या, छोट्या पत्रिकेत त्या हरवतात. तिथे 'एक्झार' बरा. त्यात पाच वजनं, म्हणजे जाडीचे पाच प्रकार आहेत.

फॉन्ट पसंत करण्याआधी हे टाइप करून बघा: मंडळ, शाळा, लक्ष्मी, येणाऱ्यांनी, घर, धर. 'ऱ्या'मधला अर्धा र चंद्रकोरीसारखा न येता रफार होऊन डोक्यावर चढला, तर 'ऱ' वापरून पुन्हा टाइप करा; तरीही चढला तर फॉन्ट बदला. ल आणि श हिंदी वळणाचे आले तर सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी करा. फॉन्टमध्ये मराठी रूपं असतील तर आपोआप येतात.

आता मांडणी. इंग्रजी मोठ्या अक्षरांत अंतर वाढवलं तर चालतं, देवनागरीत वाढवू नका, शिरोरेषा तुटते. दोन ओळींत मात्र सढळ जागा सोडा, नाहीतर वरचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. अक्षराला वेगळी काळी किनार देण्याचा मोह आवरा. जाड अक्षराचं पोट, म्हणजे आतली मोकळी जागा, आधीच लहान असतं, किनारीने ते बुजतं. आमचा 'घ' तसाच गेला होता.

एक शब्द खऱ्या आकारात कागदांवर छापून भिंतीला लावा आणि रस्त्यापलीकडून वाचा. मग अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे त्यांच्या नुसत्या आकृत्या करून) पीडीएफ द्या, म्हणजे दुकानातल्या संगणकावर फॉन्ट नसला तरी बिघडत नाही.

प्रूफ मात्र स्वतः जाऊन बघा. यंदा त्या मुलाने 'ळ'वर बोट ठेवून विचारलंच, "अंकल, ये दो गोले वाला हटा दूँ?"